मीडचा गोडवा : मध केव्हा, किती आणि कोणता?

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पश्चिम उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानातील मोहरीची शेते फुलांनी पिवळी होतात आणि मधपाळांच्या पेट्या त्या शेतांच्या बांधांवर येऊन विसावतात. या पट्ट्यात हिवाळ्याच्या अखेरीस निघणारा मोहरीचा मध दिल्लीलगतच्या गाझियाबादसारख्या शहरांत पोहोचतो. हा मध काढल्यानंतर अल्पकाळातच पांढरट, लोण्यासारखा घट्ट होतो. अनेक ग्राहक त्याला भेसळयुक्त समजून नाकारतात. वस्तुतः त्यात ग्लुकोजचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने त्याचे स्फटिक लवकर बनतात, एवढेच.

मधापासून किण्वनाने तयार होणाऱ्या मीड या पेयासाठी हा मध चांगला कच्चा माल ठरू शकतो. मात्र मीड तयार झाल्यावर ते आपल्या रुचीनुसार गोड करण्याची पायरी वाटते तितकी साधी नाही. उत्तर भारतातील हवामानात तर ती प्रसंगी धोकादायकही ठरते. थंडीत किण्वन संपले असे समजून मध मिसळलेली आणि घट्ट बूच लावलेली बाटली उन्हाळ्यात फुटू शकते. असे का घडते आणि ते कसे टाळावे, हे समजून घेतले की गोडव्याचे प्रमाण ठरवणे सोपे होते.

आधी कायद्याविषयी

मीडमध्ये अल्कोहोल असल्याने ते कायद्याच्या दृष्टीने मद्य आहे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ आणि उत्तर प्रदेशात आबकारी अधिनियम, १९१० यांनुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही. हा नियम लहान प्रमाणावरील निर्मितीलाही लागू होतो. त्यामुळे पुढील माहिती परवानाधारक लघुउद्योजक, प्रशिक्षणार्थी, अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी आणि मीड उद्योगाला मध पुरवू इच्छिणारे मधपाळ यांच्यासाठी आहे.

महाराष्ट्रात हा उद्योग आता नवा राहिलेला नाही. पुण्यातील मूनशाइन मीडरी आणि नाशिकमधील सेराना मीड्स ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. सेराना हे नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या ‘एपिस सेराना’ या शास्त्रीय नावाची आठवण करून देते. द्राक्षे आणि वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिकात मधाच्या किण्वनाचाही उद्योग उभा राहावा, ही मधपाळांच्या दृष्टीने आशादायक घटना होय.

मधमाशीचे काम आणि यीस्टचे काम

फुलातील मकरंदात सुक्रोज ही शर्करा मोठ्या प्रमाणात असू शकते. मधमाशी आपल्या ग्रंथींतील इन्व्हर्टेज या विकराच्या साहाय्याने सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांत रूपांतर करते आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी कमी करते. पक्व मधात सुमारे ८० टक्के शर्करा आणि १७ ते २० टक्के पाणी उरते. भारतीय मानकांनुसार मधातील पाणी २० टक्क्यांहून अधिक असू नये. इतक्या दाट द्रवात बहुतेक सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. त्यामुळे मध टिकतो.

मधात पुरेसे पाणी मिसळताच हे संरक्षण संपते. यीस्ट साध्या शर्करांचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायूमध्ये रूपांतर करू लागते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू निर्माण होतो. म्हणजे शर्करेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा वायू बनतो. गोडव्याचा विचार करताना हे प्रमाण लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एक लिटर मिश्रणात २५० ग्रॅम मध असेल, तर त्यात सुमारे २०० ग्रॅम शर्करा असते आणि हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०७७ च्या आसपास दिसते. ही सर्व शर्करा संपल्यास १० ते १२ टक्के अल्कोहोल असलेले मीड तयार होते आणि विशिष्ट गुरुत्व १.००० किंवा त्याहून किंचित खाली येते. अशा मीडला ‘कोरडे’ म्हणतात. त्याला मधाचा सुगंध असतो, परंतु गोडवा जवळजवळ नसतो. मधाचे पेय गोडच असणार अशा अपेक्षेने ते प्रथम चाखणाऱ्याची निराशा होते, आणि मग त्यात वरून मध घालण्याची इच्छा होते.

गोडवा येण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग प्रारंभीच अधिक मध वापरण्याचा. पोलंडमधील पारंपरिक वर्गवारी याच तत्त्वावर आधारलेली आहे. तेथे एक भाग मधाला अर्धा, एक, दोन किंवा तीन भाग पाणी या प्रमाणांनुसार मीडचे चार प्रकार मानले जातात. मध जितका अधिक, तितके पेय गोड आणि परिपक्व होण्याचा कालावधी दीर्घ. अल्कोहोल एका मर्यादेपलीकडे वाढले की यीस्ट थांबते आणि उरलेली शर्करा पेयात राहते. ही मर्यादा यीस्टच्या प्रकारानुसार बदलते. शिवाय यीस्ट नेमके कोठे थांबेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून या मार्गाने विशिष्ट गोडवा साधणे अनुभवी निर्मात्यालाही कठीण जाते.

या पद्धतीतील गोडव्याचे स्वरूपही वेगळे असते. वाइननिर्मितीत वापरले जाणारे यीस्ट सामान्यतः ग्लुकोज आधी आणि वेगाने संपवते. मागे उरते ते प्रामुख्याने फ्रुक्टोज, जे ग्लुकोजपेक्षा बरेच अधिक गोड लागते.

दुसरा मार्ग किण्वन पूर्ण होऊ देण्याचा आणि त्यानंतर पेय स्थिर करून त्यात मोजून मध घालण्याचा. रुचीनुसार गोडवा हवा असेल, तर हाच मार्ग अधिक विश्वासार्ह आहे. त्याचा आणखी एक लाभ आहे. किण्वनाच्या काळात बाहेर पडणारा वायू मधातील नाजूक सुगंधी द्रव्येही सोबत नेतो. किण्वनानंतर घातलेल्या मधाचा सुगंध मात्र पेयात टिकून राहतो. म्हणून साधा मध किण्वनासाठी आणि उत्तम सुगंधी मध शेवटच्या गोडव्यासाठी वापरणे शहाणपणाचे ठरते.

थंडीतील फसगत

गाझियाबाद परिसरात जानेवारीच्या रात्री तापमान ५ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि मे-जूनमध्ये दुपारचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. वाइनचे बहुतेक यीस्ट १५ ते २५ अंशांच्या दरम्यान चांगले काम करते आणि १० अंशांखाली सुस्त होते. परिणामी डिसेंबरात भरलेल्या भांड्यातील बुडबुडे जानेवारीत थांबतात, यीस्ट तळाशी बसते आणि वरचा द्रव स्वच्छ दिसू लागतो. पाहणाऱ्याला किण्वन संपले असे वाटते. प्रत्यक्षात शर्करा शिल्लक असते आणि यीस्ट जिवंत असते.

याच वेळी मीड चाखून, ‘थोडे आणखी गोड हवे’ म्हणून त्यात नवा मध घातला आणि बाटल्या बंद केल्या, तर मार्च-एप्रिलच्या उबेत यीस्ट पुन्हा कामाला लागते. एक लिटर मीडमध्ये केवळ ३३ ग्रॅम मध, म्हणजे सुमारे दीड मोठा चमचा, घातला असे समजू. त्यात सुमारे २६ ग्रॅम शर्करा असते. तिच्या किण्वनातून १२ ते १३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. मोकळ्या हवेत त्याचे आकारमान ६ ते ७ लिटर भरेल. तो सर्व एका बंद बाटलीत कोंडलेला असतो.

तुलनेसाठी शॅम्पेनचे उदाहरण घेता येईल. शॅम्पेनच्या दुसऱ्या किण्वनासाठी दर लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घातली जाते आणि त्यातून सुमारे ६ वातावरणे इतका दाब निर्माण होतो. तो सोसण्यासाठी शॅम्पेनची बाटली मुद्दाम जाड काचेची बनवतात आणि तिचे बूच तारेने बांधतात. वाइनची, सरबताची किंवा औषधाची सामान्य बाटली अशा दाबासाठी बनवलेली नसते. शिवाय तापमान वाढले की वायू द्रवात कमी विरघळतो आणि दाब आणखी चढतो. अशी बाटली फुटली तर काचेचे तुकडे दूरवर उडतात आणि डोळ्यांना व हातांना गंभीर इजा होऊ शकते. महाराष्ट्रात नाशिक, पुणे किंवा महाबळेश्वरच्या थंडीतही हाच प्रकार कमी-अधिक प्रमाणात संभवतो.

किण्वन खरोखर संपले का?

बुडबुडे थांबणे हा किण्वन संपल्याचा पुरावा नव्हे. हायड्रोमीटरवरील स्थिर वाचन हा त्याहून विश्वसनीय निकष आहे. थंडीत तयार झालेले मीड प्रथम २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत दहा-पंधरा दिवस ठेवावे. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा विशिष्ट गुरुत्व मोजावे. तिन्ही वाचने सारखी आली आणि ती अपेक्षित अंतिम मूल्याजवळ असली, तरच किण्वन संपले असे मानावे.

मोजताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, द्रवात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात, त्याला वर उचलतात आणि वाचन चुकीने अधिक येते. म्हणून नमुना आधी ढवळून त्यातील वायू काढून टाकावा. दुसरी, बहुतेक हायड्रोमीटर २० अंश तापमानासाठी प्रमाणित केलेले असतात. नमुना फार थंड किंवा उष्ण असेल, तर वाचन बदलते.

वाचन १.०२० किंवा १.०३० वरच अडकले असेल, तर किण्वन अर्धवट थांबल्याची शक्यता अधिक असते. मधात यीस्टला आवश्यक असलेला नायट्रोजन अत्यल्प असतो. द्राक्षरसाच्या तुलनेत ही मधाची मोठी उणीव आहे. म्हणून प्रारंभीच्या दिवसांत यीस्टसाठीचे पोषक द्रव्य टप्प्याटप्प्याने दिले जाते. अर्धवट थांबलेल्या मीडचा आपोआप उरलेला गोडवा सोयीचा वाटला, तरी तो भरवशाचा नसतो.

स्थिरीकरण : गोड करण्यापूर्वीची पायरी

किण्वन संपले तरी मीडमध्ये लक्षावधी यीस्ट पेशी शिल्लक असतात. नवा मध त्यांच्यासाठी नवे अन्न ठरतो. म्हणून मध घालण्यापूर्वी मीड तळाच्या गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढावे, काही आठवडे थंड जागी ठेवून निवळू द्यावे आणि मग स्थिर करावे.

लहान प्रमाणावर अन्नदर्जाचे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही द्रव्ये एकत्रितपणे वापरली जातात. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, ते त्याची वाढ रोखते. म्हणून यीस्टने गढूळ असलेल्या किंवा किण्वन चालू असलेल्या मीडमध्ये ते निष्प्रभ ठरते. सल्फाइट जिवाणूंना आवर घालते. सॉर्बेट एकटेच वापरले, तर लॅक्टिक आम्ल बनवणारे काही जिवाणू त्याचे अशा द्रव्यात रूपांतर करतात, ज्याला जिरेनियमच्या पानांसारखा उग्र वास येतो. तो पुन्हा काढता येत नाही. दोन्ही द्रव्यांची मात्रा अन्नसुरक्षा नियमांच्या मर्यादेतच असावी आणि ती अचूक वजन करून द्यावी. सल्फाइटमुळे काही दमा रुग्णांना त्रास होतो. त्यामुळे त्याचा उल्लेख वेष्टनावर असणे महत्त्वाचे आहे.

रसायने नको असल्यास बाटलीबंद मीडचे पाश्चरीकरण हा दुसरा पर्याय आहे. साधारण ६० ते ६५ अंश तापमान काही मिनिटे राखल्यास यीस्ट नष्ट होते. मात्र आधीच वायू साठलेली बाटली तापवणे धोक्याचे असते. मोठ्या मीडरींमध्ये यीस्ट अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळण्या वापरता येतात.

येथे मधाविषयीची एक बाब लक्षात घ्यावी. कच्च्या मधात दाट शर्करेतही तग धरणारे रानटी यीस्ट नैसर्गिकरीत्या आढळते. त्यांपैकी काही प्रकार सॉर्बेटलाही दाद देत नाहीत. म्हणून अपक्व, अधिक पाण्याचा किंवा फेसाळू लागलेला मध शेवटच्या गोडव्यासाठी कधीही वापरू नये.

रुचीनुसार मात्रा कशी ठरवावी?

एकदम सर्व मीडमध्ये मध ओतणे टाळावे. घातलेला मध परत काढता येत नाही. त्याऐवजी लहान चाचणी घ्यावी.

प्रत्येकी १०० मिलिलिटर मीड असलेले पाच पेले घ्यावेत. पहिला तसाच ठेवावा. उरलेल्यांत अनुक्रमे १, २, ३ आणि ४ ग्रॅम मध पूर्ण विरघळवावा. दर ग्रॅम मधामागे विशिष्ट गुरुत्व अंदाजे ०.००३ ने वाढते. पेल्यांवर केवळ क्रमांक लिहावेत, मात्रा लिहू नये आणि दोन-तीन व्यक्तींनी स्वतंत्रपणे चाखून आपली पसंती नोंदवावी. तिसऱ्या मात्रेला, म्हणजे ३ ग्रॅमला, पसंती मिळाली तर ५ लिटर मीडला १५० ग्रॅम मध लागेल. प्रथम त्यातील तीन-चतुर्थांश मध थोड्या मीडमध्ये कालवून मिसळावा, एक-दोन दिवसांनी पुन्हा चाखावे आणि मगच उरलेला घालावा.

साधारणपणे १.००५ पर्यंतचे मीड कोरडे, १.००५ ते १.०१५ दरम्यानचे मध्यम आणि त्यापुढील गोड मानले जाते. ही विभागणी काटेकोर नाही, कारण जिभेला जाणवणारा गोडवा केवळ शर्करेवर ठरत नाही. आम्लता अधिक असेल तर तोच गोडवा कमी भासतो आणि आम्लता कमी असेल तर तेच पेय काकवीसारखे जड लागते. थंड पेयात गोडवा कमी जाणवतो. म्हणून जे मीड थंड करून प्यायचे, ते थंड करूनच चाखावे. कित्येकदा मीडला अधिक मधाची गरज नसते, थोडे सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल अथवा काही महिन्यांची विश्रांती पुरेशी होते. ताज्या मीडचा तिखटपणा काळानुसार निवळतो.

मध घातल्यावर पेय पुन्हा गढूळ होऊ शकते. मधातील प्रथिने आणि परागकण हे त्याचे कारण होय. म्हणून गोड केलेले मीड लगेच बाटल्यांत न भरता काही आठवडे ठेवून पुन्हा निवळू द्यावे. त्यातील थोडे मीड एका लहान प्लास्टिक बाटलीत भरून उबदार जागी दोन आठवडे ठेवावे. बाटली दाबून कडक लागली, तर किण्वन पुन्हा सुरू झाले आहे असे समजावे. या स्वस्त चाचणीने मोठा अपघात टळू शकतो.

मध कोणता निवडावा?

मोहरीचा मध सौम्य असल्याने मूळ मीडचा स्वभाव फारसा बदलत नाही. घट्ट झालेला मध ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात बरणी ठेवून पातळ करावा. तो थेट आचेवर तापवू नये, अन्यथा सुगंध उडून जातो. ओव्याच्या मधाला तीव्र गंध असतो. तो अल्प मात्रेतच शोभतो. सह्याद्रीतील जांभळाच्या मधाला किंचित कडवट छटा असते आणि ती गोडवा जड होऊ देत नाही. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध दुर्मिळ असल्याने तो किण्वनात खर्ची घालण्यापेक्षा शेवटच्या टप्प्यासाठी राखणे योग्य.

मधाच्या शुद्धतेचा प्रश्न या टप्प्यावर विशेष महत्त्वाचा ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जाहीर केलेल्या तपासणीत १३ नाममुद्रांच्या मधांपैकी १० न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स चाचणीत अनुत्तीर्ण ठरले होते. साखरेच्या पाकाचीही यीस्ट दारू बनवते. पण त्या पाकाने केलेला शेवटचा गोडवा निव्वळ साखरेचा लागतो. मोठ्या खरेदीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची राष्ट्रीय अन्न प्रयोगशाळा गाझियाबादमध्येच आहे. महाराष्ट्रातील मधपाळांना मधाची हाताळणी व गुणवत्ता यांविषयी पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून मार्गदर्शन मिळू शकते. ही संस्था १९६२ पासून कार्यरत आहे.

मधपाळांसाठी

मीड उद्योगाला दोन प्रकारचा मध लागतो. किण्वनासाठी मोठ्या प्रमाणात, माफक दराचा आणि शुद्ध मध. गोडव्यासाठी कमी प्रमाणात, परंतु फुलोऱ्याची ओळख असलेला, पक्व आणि सुगंधी मध. दुसऱ्या प्रकारच्या मधाला चांगला दर मागता येतो. त्यासाठी पोळ्याचे बहुतांश कप्पे मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा, प्रत्येक फुलोऱ्याचा मध वेगळा साठवावा आणि डब्यावर ठिकाण, फुलोरा व काढणीचा महिना नोंदवावा. मध काढतानाच पाण्याचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासून ठेवावे.

थोडक्यात

मीडचा गोडवा ही शेवटी आणि सावकाश ठरवायची बाब आहे. आधी उबदार खोलीत किण्वन खरोखर संपल्याची खात्री करावी, मग मीड निवळू द्यावे, स्थिर करावे, लहान पेल्यांत चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच मध मिसळावा. विशेषतः हिवाळ्यात तयार झालेले मीड उन्हाळ्यापूर्वी बाटलीबंद करताना या क्रमातील एकही पायरी गाळू नये.